मूक फिल्मला आवाज कुठून येतो? व्हिएतनाम युद्धाची मालिका पाहताना आणि बांधताना

प्रश्न असा आहे: केन बर्न्स आणि लिन नोविक यांनी २०१७ साली अमेरिकेच्या पीबीएस वाहिनीसाठी केलेली व्हिएतनाम युद्धावरची दहा भागांची, अठरा तासांची मालिका पाहिली. त्यातलं जुनं चित्रण, गोळीबार, हेलिकॉप्टरचा आवाज हे सगळं त्या त्या दिवसाचंच असतं का? मालिका एकतर्फी आहे असं डावे, उजवे आणि परदेशी स्थायिक झालेले व्हिएतनामी असे सगळेच म्हणतात, तर ते पडताळायचं कसं? आणि अशा जुन्या फुटेजवर स्वतः काम करायचं झालं तर काय सांभाळायचं?

आधी सरळ उत्तर. आवाज बहुतेक वेळा त्या दिवसाचा नसतो. चित्र त्या युद्धाचं असतं, पण त्याच लढाईचं असेलच असं नाही. आणि एकतर्फीपणा प्रेक्षक जिथे शोधतात तिथे, म्हणजे कोणाची मुलाखत किती मिनिटं यात, फारसा सापडत नाही. तो निवेदनाच्या वाक्यांत आणि मूक फिल्मवर चढवलेल्या आवाजात असतो. ही फसवणूक आहे असं मी म्हणणार नाही. साहित्यच तसं आहे. ते तसं का आहे हे कळलं की पुढचं सोपं जातं.

व्हिएतनाममध्ये चित्रण मुख्यतः १६ मिमी फिल्मवर झालं. १६ मिमीच्या एका फुटात ४० चौकटी. सेकंदाला २४ चौकटी म्हणजे मिनिटाला ३६ फूट. लष्करी कॅमेरामनकडे बहुतेकदा बेल अँड हॉवेलचा चावीचा कॅमेरा असे, त्यात १०० फुटी रीळ, म्हणजे पावणेतीन मिनिटं. एकदा चावी दिली की स्प्रिंग अर्ध्या मिनिटाच्या आसपास चालते, मग पुन्हा चावी. आणि हा कॅमेरा पूर्ण मुका. त्यामुळे लढाईतला खरा शॉट पाच ते दहा सेकंदांचा, हलणारा, अर्धवट तुटलेला असतो. धानाच्या खाचरातून धावणाऱ्या सैनिकांचा शॉट वीस सेकंद सलग चाललाय, पायाखालचा चिखल स्वच्छ ऐकू येतोय, आणि मागे एके-४७ ठराविक लयीत वाजतेय, असं दिसलं तर चित्र खरं असू शकतं, चिखल नक्की स्टुडिओतला आहे.

बोलतं चित्रण अमेरिकी टीव्ही नेटवर्कच्या बातमीदारांकडे होतं. त्यांचा ऑरिकॉन कॅमेरा जड, खांद्याच्या पट्ट्यावर टेकवलेला, साउंडवाल्याशी तारेने बांधलेला. ४०० फुटी मॅगझिन म्हणजे अकरा मिनिटं. आवाज फिल्मच्याच कडेवरच्या चुंबकीय पट्टीवर नोंदला जाई. इथे एक यांत्रिक गोष्ट आहे जी जुन्या बातम्या वाचायला फार उपयोगी पडते. आवाजाचं हेड चित्राच्या खिडकीपासून दूर बसवलेलं असतं, म्हणून एखाद्या चौकटीचा आवाज फिल्मवर २८ चौकटी पुढे असतो. संपादकाने चित्राच्या जागी कात्री चालवली की नव्या शॉटचा पहिला सेकंदभराचा आवाज मागच्या तुकड्याबरोबर जातो. ओठ हलतात, शब्द येत नाही. हे झाकायला मध्ये दुसरं काहीतरी चिकटवावं लागे: मान डोलावणारा वार्ताहर, हेल्मेटचा क्लोज-अप, रस्त्यावरून जाणारी सायकल. तेव्हा १९६६ सालच्या मुलाखतीत मध्येच डोलणारी मान दिसली तर समजा, उत्तर तिथे कापलेलं आहे, आणि ती मान बहुधा मुलाखत संपल्यावर वेगळी टिपलेली आहे.

दुसरी अडचण रिव्हर्सल फिल्मची. बातमीसाठी निगेटिव्ह-पॉझिटिव्ह असा प्रकार परवडत नसे. कॅमेऱ्यातली फिल्मच धुऊन थेट पॉझिटिव्ह व्हायची आणि तीच कापली जायची. सायगावहून विमानाने निघालेला डबा धुऊन, कापून प्रसारित होईपर्यंत एक-दोन दिवस जात. टोकियोहून उपग्रहाने पाठवायची सोय होती, पण ती महाग, म्हणून मोठ्या बातमीलाच. कापल्यावर उरलेले तुकडे पुष्कळदा कचऱ्यात गेले. म्हणजे ‘पूर्ण रीळ दाखवा’ असं म्हणायची सोयच नाही.

लष्कराने मात्र रिळं अख्खी ठेवली, सोबत कॅमेरामनने भरलेला कागद, ज्याला धंद्यात डोप शीट म्हणतात. मेरीलँडमधल्या कॉलेज पार्क इथल्या अमेरिकी राष्ट्रीय अभिलेखागारात हे साहित्य आहे: लष्कराच्या सिग्नल कोअरचं गट क्रमांक १११ मध्ये, हवाई दलाचं ३४२, नौदलाचं ४२८, मरीनचं १२७. अमेरिकी सरकारी कर्मचाऱ्याने कामाचा भाग म्हणून केलेलं चित्रण असल्याने त्यावर स्वामित्वहक्क नाही. पुण्यात बसून माहितीपट करणाऱ्यालाही ते फुकट वापरता येतं, खर्च फक्त स्कॅनचा. मोह इथेच आहे. जे अभिलेख सगळ्यात पूर्ण, सगळ्यात रंगीत आणि सगळ्यात स्वस्त, ते युद्धातल्या एका पक्षाने स्वतःसाठी टिपलेले आहेत. कॅमेरा नेहमी अमेरिकी सैनिकाच्या पाठीमागे उभा, बंदुकीचं तोंड समोरच्या झाडीकडे. झाडीतून इकडे पाहणारं चित्र फार थोडं आहे, आणि जे आहे ते काळं-पांढरं, मूक आणि पुष्कळदा पुन्हा घडवून आणलेलं.

फ्रेंचांविरुद्धच्या दिएन बिएन फूच्या लढाईचंच घ्या. लढाई १३ मार्च ते ७ मे १९५४. फ्रेंच सेनापतीच्या बंकरवर व्हिएतमिन्हचा, म्हणजे हो ची मिन्ह यांच्या आघाडीचा सैनिक झेंडा फडकावतोय, हा शॉट तुम्ही पाहिलाच असेल. तो नसलेली व्हिएतनामवरची मालिका सापडणं कठीण. तो सोव्हिएत दिग्दर्शक रोमान कारमेन याने लढाई संपल्यानंतर सैनिकांकडून पुन्हा करवून घेतलेला आहे. बंकर खरा, सैनिक खरे, झेंडा खरा, क्षण खोटा. वापरू नये का? वापरावा, पण ‘७ मे’ अशी तारीख पडद्यावर टाकून वापरू नये.

३० एप्रिल १९७५ ला सायगावच्या राष्ट्राध्यक्ष भवनाचं फाटक तोडणारा रणगाडा कोणता, हा वाद याहून बोलका आहे. वर्षानुवर्षं ८४३ क्रमांकाच्या रणगाड्याला श्रेय मिळत राहिलं. फ्रेंच छायाचित्रकार फ्रान्स्वाज दम्युल्दे यांच्या छायाचित्राने दाखवलं की मुख्य फाटक तोडून आत शिरला तो ३९०. ८४३ बाजूच्या फाटकात अडकला होता. विजेत्यांनी स्वतः लिहिलेला इतिहास, त्यांनी जिंकलेल्या राजधानीत, अनेकांच्या देखत घडलेली घटना, आणि तरी एका फोटोने क्रमांक बदलला.

त्याच्या आदल्या दिवशीचा, छतावरच्या हेलिकॉप्टरकडे जिन्याने चढणाऱ्या माणसांचा फोटो, यूपीआय वृत्तसंस्थेच्या ह्यूबर्ट व्हान एस यांनी काढलेला, जगभर ‘अमेरिकी दूतावासाचं छत’ म्हणून छापला गेला. ते दूतावासाचं छत नव्हतं. ती २२, जिया लाँग रस्त्यावरची पिटमन अपार्टमेंट्स ही इमारत, जिथे सीआयएचे लोक राहत. चूक फोटोत नव्हती, खालच्या ओळीत होती. अशी ओळ एकदा चिकटली की तीस वर्षं सुटत नाही, कारण पुढचा प्रत्येक संशोधक फोटोबरोबर तीच ओळ उचलतो.

८ जून १९७२ चं त्रांग बांगचं छायाचित्र, रस्त्यावरून धावणारी भाजलेली मुलगी, आता याच वाटेवर आहे. श्रेय एपी वृत्तसंस्थेच्या निक उट यांचं. २०२५ मध्ये त्यावर शंका घेतली गेली. त्या फोटोला पुरस्कार देणाऱ्या वर्ल्ड प्रेस फोटो या संस्थेने श्रेय स्थगित केलं, एपीने मात्र ते काढण्याइतका पुरावा नाही म्हणून कायम ठेवलं. त्या वेळी रस्त्यावर आयटीएन आणि एनबीसीचे चित्रपट-कॅमेरेही चालू होते, म्हणूनच कोण कुठे उभं होतं यावर आज वाद घालता येतो. श्रेयनामावली आधीच छापून मोकळं होणाऱ्या संपादकाने याची नोंद घ्यावी.

आणि काही घटनांचं चित्रणच नाही. ४ ऑगस्ट १९६४ चा टोंकिनच्या आखातातला ‘दुसरा हल्ला’ झालाच नव्हता, हे अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेच्या इतिहासकाराच्या २००५ मध्ये खुल्या झालेल्या अभ्यासाने स्पष्ट केलं. तरी त्याच्या बळावर ७ ऑगस्टला राष्ट्राध्यक्षांना लष्करी कारवाईची मोकळीक देणारा ठराव झाला: प्रतिनिधिगृहात ४१६ विरुद्ध ०, सेनेटमध्ये ८८ विरुद्ध २. आता संपादकापुढे पेच: न झालेल्या हल्ल्यावर काय दाखवायचं? रात्रीच्या समुद्रावर तोफा डागणाऱ्या कुठल्याही जहाजाचा शॉट टाकला तर शब्द म्हणतात ‘झालं नाही’ आणि डोळे म्हणतात ‘झालं’. डोळे जिंकतात. अशा ठिकाणी काळा पडदा किंवा नकाशा हेच प्रामाणिक. अमेरिकी सैनिकांनी ‘मी लाई’ गावात केलेल्या हत्याकांडाच्या (१६ मार्च १९६८) बाबतीतही हलतं चित्रण नाही. लष्करी छायाचित्रकार रोनाल्ड हेबर्ले याची छायाचित्रं आहेत. त्यातली काळी-पांढरी लष्कराच्या कॅमेऱ्यातली, रंगीत त्याच्या स्वतःच्या. रंगीत फोटो बाहेर यायला वीस महिने लागले. रंगावरूनच कळतं कोणता फोटो लष्कराकडे गेला आणि कोणता खिशात राहिला.

फुटेजची तारीख कशी ओळखायची हे आता सांगतो, कारण डोप शीट नसलेलीच रिळं जास्त हाताला लागतात. पहिल्यांदा बंदूक बघा. मरीन सैनिकांच्या हातात लाकडी दस्त्याची एम-१४ असेल तर चित्रण सर्वसाधारणपणे १९६७ च्या वसंताआधीचं. त्यानंतर त्यांना एम-१६ मिळाली. सुरुवातीच्या एम-१६ ची नळी टोकाला तीन काट्यांत उघडी असते, नंतरच्यांचं टोक पिंजऱ्यासारखं बंद. दक्षिण व्हिएतनामी सैनिकांकडे १९६८ पर्यंत प्रामुख्याने दुसऱ्या महायुद्धातल्या एम-१ रायफली आणि कार्बाइन होत्या. त्यांच्या हातात सर्रास एम-१६ दिसली तर तेतच्या, म्हणजे १९६८ च्या नववर्षाच्या सणातल्या हल्ल्यानंतरचं समजा. मग विमान. हनोईवर पडणाऱ्या बॉम्बबद्दल निवेदन १९६५ चं चाललंय आणि पडद्यावर काळ्या पोटाचं बी-५२ हे अवजड बॉम्बफेकी विमान बॉम्ब ओततंय, ही चूक इतकी नेहमीची की तिच्यावरून संशोधकाची परीक्षा घ्यावी. १९६५ ते ६८ ची उत्तरेवरची मोहीम प्रामुख्याने एफ-१०५ सारख्या लढाऊ विमानांनी चालवली. बी-५२ तेव्हा मुख्यतः दक्षिणेत आणि पुरवठ्याच्या वाटांवर होती. हनोईवर बी-५२ चा मोठा मारा झाला तो १८ ते २९ डिसेंबर १९७२.

मग हवामान. तेतचा हल्ला ३०-३१ जानेवारी १९६८. त्या दिवसांत सायगावमध्ये कोरडा उन्हाळा, पण मध्य व्हिएतनाममधल्या ह्युए शहरात ढगाळ, भुरभुर पाऊस, सर्द थंडी. ह्युएची लढाई फेब्रुवारीभर चालली. म्हणून कडक सावल्यांच्या रस्त्यावरची लढाई ‘ह्युए’ म्हणून दाखवली असेल तर थांबा. ती बहुधा सायगावच्या चोलोनमधली आहे.

आवाजाकडे वळू, कारण सगळ्यात जास्त बिघाड तिथे होतो. आप बाकची लढाई २ जानेवारी १९६३. तिथे पाच हेलिकॉप्टरं पडली आणि अमेरिकी सल्लागारांना पहिल्यांदा नीट कळलं की आपण उभं केलेलं दक्षिण व्हिएतनामी सैन्य लढत नाही. ती बहुतेक हेलिकॉप्टरं एच-२१ होती: केळ्याच्या आकाराची, दोन टोकांना दोन पंखे, आत पिस्टन इंजिन. त्यांचा आवाज ट्रकसारखा घरघरणारा. आपल्या कानात व्हिएतनामचा आवाज म्हणून बसलाय तो नंतरच्या ह्युई हेलिकॉप्टरचा, दोन पात्यांचा फट्-फट्. साउंड लायब्ररीत ‘व्हिएतनाम हेलिकॉप्टर’ शोधलं की ह्युईच मिळतं, आणि आप बाकच्या एच-२१ वर तेच चढतं. तसंच नापामचं. ते स्फोटक नाही, जळतं इंधन आहे. त्याला कडाड आवाज नसतो, भस्सकन पेटल्याचा असतो. आणि दूरच्या बॉम्बचा धूर व धडाका एकाच चौकटीत ठेवणं हा तर भौतिकशास्त्राचाच अपमान. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. टेलिलेन्सने एक किलोमीटरवरून टिपलेल्या स्फोटाचा आवाज तीन सेकंदांनी यायला हवा. तीन सेकंद म्हणजे ७२ चौकटी. संपादक धीर धरत नाही, कारण शांततेत प्रेक्षक जाईल अशी भीती. उलट उशिरा आलेला धडाकाच अंगावर येतो.

प्रत्यक्षात टाइमलाइनवर काय करायचं: ध्वनीचे तीन रंग ठरवा. हिरवा म्हणजे त्याच फिल्मवर नोंदलेला आवाज. पिवळा म्हणजे त्याच काळातला, त्याच शस्त्राचा वा यंत्राचा, पण दुसऱ्या वेळी टिपलेला. लाल म्हणजे आपण बनवलेला: पावलं, कपड्यांची सळसळ, श्वास. मिक्सला बसण्याआधी सलग दहा मिनिटं लालच दिसत असेल तर कात्री लावा. हिरव्याच्या शेजारी लाल आला तर हिरव्याची पातळी वर, लालाची खाली. उलट केलं की खरा आवाजच नकली वाटू लागतो. प्रसारणाच्या आवाजाची सरासरी पातळी लाउडनेसच्या मापात (एलयूएफएस) अमेरिकेसाठी उणे २४, युरोपासाठी उणे २३. त्या आकड्यात बसवण्यासाठी स्फोट दाबून माणसाचं बोलणं वर आणावं लागतं, म्हणजे युद्ध प्रत्यक्षापेक्षा सौम्यच ऐकू येणार, हे मान्य करून चाला. या मालिकेतही लढाईच्या दृश्यांचा ध्वनी मोठ्या प्रमाणावर नव्याने बांधलेला आहे, आणि तो कारागिरी म्हणून उत्तम आहे. माझी हरकत एवढीच, की कुठे बांधलाय हे पडद्यावर कळत नाही.

चित्राच्या काटछाटीबद्दल थोडक्यात. जुनी फिल्म ४:३ या प्रमाणात. आजचा पडदा १६:९. पडदा भरायचा म्हटलं की उंचीचा चौथा भाग जातो. कपाळं, पाय, जमिनीवर पडलेली माणसं. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या ठेवून पूर्ण चौकट दाखवायला वाहिन्या कुरकुरतात. भांडून घ्यावी अशी ती गोष्ट आहे. शिवाय युरोपीय वाहिन्यांची फिल्म २५ चौकटींची असते; ती २४ वर चालवली की चार टक्के मंद आणि आवाज जाड होतो. फिल्मच्या डब्यातून व्हिनेगरचा वास आला तर तिची आधार-पट्टी कुजायला लागली आहे. ती दात्यांच्या यंत्रावर घालू नका, दातेविरहित स्कॅनरवरच घाला, आणि बाकीच्या डब्यांपासून आजच वेगळी ठेवा.

टेपबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवं. या मालिकेचा सगळ्यात मजबूत भाग म्हणजे राष्ट्राध्यक्षांच्या ध्वनिफिती. जॉन्सन यांची फोनवरची संभाषणं डिक्टाफोनच्या पट्ट्यांवर आहेत; निक्सन यांची सुमारे ३,७०० तासांची, फेब्रुवारी १९७१ ते जुलै १९७३ मधली. दोघांत फरक आहे, आणि तो पुराव्याच्या दर्जाचा आहे. जॉन्सन यांच्याकडे नोंदणी चालू करायची की नाही हे सांगून ठरायचं, म्हणजे बोलणाऱ्या दोघांपैकी एकाला माहीत असायचं. निक्सन यांच्या कार्यालयातलं यंत्र आवाज ऐकू आला की आपोआप सुरू व्हायचं, आणि तिथे बोलणाऱ्या बहुतेकांना नोंदणीची कल्पनाच नसायची. २७ मे १९६४ चं जॉन्सन आणि सल्लागार मॅकजॉर्ज बंडी यांचं संभाषण ऐका: हे युद्ध लढण्याच्या लायकीचं नाही असं मला वाटतं, आणि यातून बाहेरही पडता येणार नाही, असा त्याचा आशय. त्याच दिवशी सेनेटर रिचर्ड रसेल यांच्याशीही तेच रडगाणं. मरीन दा नांगच्या किनाऱ्यावर उतरले ८ मार्च १९६५ ला, म्हणजे नऊ महिन्यांनी.

म्हणूनच पहिल्या भागाच्या सुरुवातीचं निवेदन, की हे युद्ध भल्या माणसांनी सद्हेतूने, गैरसमजातून सुरू केलं, मला कच्चं वाटतं. त्यावर टीका झाली ती डाव्या इतिहासकारांकडून, पण त्यासाठी डावं असायची गरज नाही. मालिकेने पुढे स्वतःच ऐकवलेल्या फिती पुरे आहेत. ज्याला आधीच माहीत होतं त्याच्या बाबतीत ‘गैरसमज’ हा शब्द चालत नाही. निवेदन शेवटी लिहावं, फिती आधी लावाव्यात, असा धंद्यातला जुना सल्ला आहे. इथे तो पाळला गेला नसावा.

टेप वापरतानाचे दोन धोके. एक, संभाषणातल्या लांब शांतता काढून टाकल्या जातात आणि थकलेला, चाचपडणारा माणूस ठाम वाटू लागतो. शांततेचा निम्मा भाग तरी ठेवा, आणि मधला मजकूर गाळला असेल तर उपशीर्षकात तीन टिंबं द्या. दोन, वर दाखवलेला जॉन्सन यांचा फोनवरचा फोटो त्या दिवसाचा नसतो. चालेल, पण फोटोतला चष्मा, केस आणि वय त्या वर्षाशी जुळलं पाहिजे.

मुलाखतींचा हिशेब. सुमारे ऐंशी माणसं: अमेरिकी सैनिक, विरोधक, उत्तरेचे सैनिक, दक्षिणेचे अधिकारी. किसिंजर, मॅकेन, केरी, जेन फोंडा अशा नामवंतांच्या नव्याने मुलाखती मुद्दाम घेतल्या नाहीत, आणि इतिहासकारांना समोर बसवून बोलतं केलं नाही. निर्णय धाडसी आहे आणि त्याची किंमतही आहे. साक्षीदार ‘मला काय झालं’ सांगतो. ‘का झालं’ सांगायला मग एकटा निवेदक उरतो. आणि ज्याला प्रतिवाद करणारं समोर कोणी नाही, तो निवेदक देवासारखा ऐकू येतो.

संतुलन मोजायचं तर मिनिटं मोजू नका. कोणाला आई मिळाली ते मोजा. न्यूयॉर्क राज्यातल्या एका तरुण सैनिकाची कथा आई आणि बहिणीच्या तोंडून एकाहून अधिक भागांत उलगडते. दक्षिण व्हिएतनामच्या सैन्यातल्या कुठल्याही मुलाच्या घरच्यांना इतका सलग धागा मिळत नाही, आणि त्या सैन्याचे दोन लाखांहून अधिक सैनिक मेले असा अंदाज आहे. उत्तरेच्या बाजूला मालिकेने चांगलं काम केलं आहे. १९६० पासून पक्षाची सूत्रं ले झुआन यांच्या हातात होती आणि मोठ्या हल्ल्यांचे निर्णय हो ची मिन्ह यांच्यापेक्षा त्यांचे होते, हे सामान्य प्रेक्षकापर्यंत पोचवलं. याच वाहिनीच्या १९८३ च्या, याच युद्धावरच्या तेरा भागांच्या जुन्या मालिकेत हे इतकं स्पष्ट नव्हतं. (त्या मालिकेवर उजव्यांचा इतका रोष झाला की १९८५ मध्ये त्याच वाहिनीला उत्तरादाखलचा कार्यक्रम दाखवावा लागला, चार्लटन हेस्टन यांच्या निवेदनाचा.)

आकड्यांचं वाक्य ऐकताना कान उघडे ठेवा. अमेरिकी मृत ५८,२२०. प्रत्येकाचं नाव नोंदलेलं, म्हणून शेवटच्या अंकापर्यंत. व्हिएतनामी सरकारने १९९५ मध्ये दिलेला अंदाज: ११ लाख सैनिक आणि २० लाखांपर्यंत नागरिक. एका बाजूला नेमका अंक, दुसऱ्या बाजूला शून्यं. निवेदक दोन्ही एका दमात वाचतो तेव्हा नेमका अंक माणसांसारखा वाटतो आणि शून्यं हवामानासारखी. उपाय सोपा आहे: दुसरा आकडा वाचताना पडद्यावर एक गाव, एक कबरस्तान, नावासकट दाखवा.

उपशीर्षकं मराठीत करायची झाली तर आपल्याला एक फायदा आहे जो इंग्रजीला नाही. व्हिएतनामी भाषेत ‘तू’ आणि ‘मी’ साठी नात्याचेच शब्द वापरतात. सैनिक सोबत्याला ‘दादा’ म्हणतो, स्वतःला ‘धाकटा’. इंग्रजी उपशीर्षकात सगळं सपाट होतं. हो ची मिन्ह यांना लोक ‘बाक हो’ म्हणत. बाक म्हणजे वडिलांचा थोरला भाऊ, आपल्याकडचे मोठे काका. इंग्रजीतलं ‘अंकल’ ती थोरवी पोचवत नाही. मराठी करणाऱ्याने इंग्रजीवरून नव्हे, व्हिएतनामी जाणणाऱ्याला विचारून अहो-जाहो ठरवावं. दोन ओळींपेक्षा जास्त नको, आणि सात सेकंदांहून अधिक काळ एकच मजकूर ठेवला की प्रेक्षक तो दुसऱ्यांदा वाचायला लागतो.

गाण्यांबद्दल एवढंच: मालिकेत त्या काळची १२० हून अधिक गाणी आहेत. प्रत्येक गाण्याचे हक्क दोन वेळा घ्यावे लागतात, रचनेचे वेगळे आणि ध्वनिमुद्रणाचे वेगळे. मुदत बांधून घेतले तर मुदत संपल्यावर मालिकाच पडद्यावरून उतरते. छोट्या निर्मात्याने या वाटेला जाऊ नये. जायचंच असेल तर गाणं प्रसिद्ध झाल्याची तारीख दृश्याच्या तारखेशी ताडून पाहा.

‘त्या रात्री अमेरिकेने हे पाहिलं’ असं निवेदनात लिहायच्या आधी तपासा की खरंच प्रसारित झालं का. व्हँडरबिल्ट विद्यापीठाने संध्याकाळच्या बातम्यांची पद्धतशीर नोंद सुरू केली ५ ऑगस्ट १९६८ ला, म्हणजे तेत उलटून गेल्यावर. त्याआधीचं पुष्कळसं कोणी जपलंच नाही. ऑगस्ट १९६५ मधला कॅम ने गावातला सीबीएसचा वृत्तांत, मरीन सैनिक लायटरने छपरं पेटवतायत, नक्की दाखवला गेला होता. तो टिपणारा कॅमेरामन व्हिएतनामी होता, त्याचं नाव ‘हा थुक कान’, पण आठवण राहिली वार्ताहर मॉर्ली सेफर यांची. व्हिएतनामी कॅमेरामनांची नावं श्रेयनामावलीत शोधा, कमी सापडतात.

भारताचा या युद्धाशी संबंध फक्त मोर्चांपुरता नव्हता. १९५४ च्या जिनिव्हा करारानंतर युद्धबंदीवर देखरेख करणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाचं अध्यक्षपद भारताकडे होतं, सोबत कॅनडा आणि पोलंड. जून १९६२ च्या विशेष अहवालात भारत आणि कॅनडाने दोन्ही बाजूंवर ठपका ठेवला: उत्तरेवर माणसं आणि शस्त्रं दक्षिणेत पाठवल्याचा, दक्षिणेवर अमेरिकी लष्करी मदत कराराबाहेर वाढवल्याचा. पोलंडने असहमती नोंदवली. पहिल्या दोन भागांवर चर्चा करायची असेल तर हा अहवाल शेजारी ठेवा. त्या काळात दोघांनाही न आवडलेला कागद म्हणून तो कामाचा आहे.

स्वतः काम सुरू करायचं असेल तर मालिका नको, एक रीळ घ्या. गट १११ मधलं, डोप शीट असलेलं, दहा मिनिटांचं. प्रत्येक शॉटसाठी ओळ: टाइमकोड, काय दिसतं, बंदूक कोणती, सावली कुठे, ठिकाण कशावरून. डोप शीटवर बहुतेकदा गावाचं नाव चुकीच्या स्पेलिंगमध्ये असतं, आणि ‘आप’ म्हणजे नुसती वाडी, त्यामुळे ‘आप’ने सुरू होणारी नावं नकाशावर शेकड्यांनी सापडतात. दोन अक्षरं आणि सहा आकडे असा ग्रिड क्रमांक दिलेला असेल तर नशीब. तो शंभर मीटरपर्यंत नेतो. पण तो थेट फोनच्या नकाशात टाकू नका. त्या काळचे १:५०,००० चे लष्करी नकाशे, एल-७०१४ मालिकेतले, ‘इंडियन १९६०’ या आधारावर काढलेले आहेत. त्याचा मूळ बिंदू मध्य प्रदेशातलं कल्याणपूर, आणि मोजमाप एव्हरेस्टच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गोलाभाचं, आपल्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणातून आलेलं. आजच्या उपग्रही पद्धतीत रूपांतर केलं नाही तर काहीशे मीटरचा फरक पडतो आणि पेटलेलं गाव नदीच्या दुसऱ्याच काठावर जाऊन बसतं.